उपमा, तश्बीह आणि सिमिली

जानेवारी लागला की आपल्या रुवी, दारसैत, वादी कबीर भागातल्या मराठी घरांत एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. टीव्हीचा आवाज खाली येतो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा दबक्या आवाजात बोलतात, आणि आतल्या खोलीतून कुणी जप करावा तसे शब्द ऐकू येतात : ॲलिटरेशन, ॲसोनन्स, ऑक्सिमोरॉन, ऑनोमॅटोपिया... दहावीची परीक्षा जवळ आली, हे कॅलेंडर न पाहताही कळते.

मंडळाच्या पुरवणीसाठी "पालकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा" असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मला हा जपच आठवला. मी मूळची मराठीची शिक्षिका. सांगलीकडच्या एका शाळेत सात वर्षे व्याकरण आणि अलंकार शिकवून १९९४ साली यजमानांच्या नोकरीमुळे मस्कतला आले. गेली काही वर्षे शुक्रवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधली आणि आसपासची पाचसहा मुले माझ्याकडे बसतात. पहिल्यांदा हा प्रकार सुरू झाला तेव्हा एका आईने मला सरळच विचारले होते, "काकू, तुम्ही मराठीच्या. मुलांना इंग्रजीचं कसं काय शिकवणार?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला जे सापडले, ते या लेखात मांडते आहे. ज्यांना मुलांचे मराठी हे इंग्रजीच्या वाटेतली धोंड वाटते, त्यांनी तर जरूर वाचावे.

आधी परीक्षेविषयी थोडे. आपल्या इथल्या बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या. दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, उरलेले २० गुण शाळेतल्या मूल्यमापनाचे. गेल्या काही वर्षांच्या नमुन्याप्रमाणे ८० पैकी उताऱ्यांना २०, व्याकरणाला १०, लेखनाला १० आणि साहित्याला ४०. अलंकार ओळखा, यमकांची रचना सांगा, असले सरळ प्रश्न एकेका गुणाचे. म्हणून काही पालक म्हणतात, एवढ्यातेवढ्यासाठी कशाला डोकेफोड? पण साहित्याच्या चाळीस गुणांत जी कवितेवरची उत्तरे लिहायची असतात, त्यांत कवीने काय केले आहे हे सांगायला शब्दच हातात नसतील, तर मूल कवितेचा मराठी चित्रपटासारखा कथासार लिहून मोकळे होते. परिभाषा म्हणजे सुताराच्या पेटीतली अवजारे. पटाशी कशाला म्हणतात हे पाठ करून खुर्ची होत नाही, हे खरे. पण पटाशी पेटीतच नसेल तरीही होत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा. वडील सोहारला साइटवर सुपरवायझर, आठवड्यातून एकदा घरी. त्यांचे कंत्राट मार्चमध्ये संपणार होते आणि परीक्षा झाली की सगळे बिऱ्हाड नाशिकला हलणार होते. तिथे अकरावी सायन्सला मनासारखे कॉलेज मिळायचे तर प्रत्येक गुण मोलाचा. त्यामुळे मुलगा कावराबावरा. त्याच्याजवळ कुठल्याशा क्लासची छापील यादी होती : बावीस संज्ञा, इंग्रजी वर्णानुक्रमाने, प्रत्येकीपुढे एका ओळीची व्याख्या. यादी त्याला झोपेत विचारली तरी येत होती. मात्र कवितेची ओळ समोर ठेवली की त्याची नजर छताकडे जाई आणि तो मनातल्या मनात 'ए'पासून सुरुवात करी. 'एम'पर्यंत पोचेतो वेळ संपलेली असे. सराव परीक्षेत त्याने तीन वेगवेगळ्या प्रश्नांना 'पर्सनिफिकेशन' हे एकच उत्तर लिहिले होते. का, तर एकदा तरी बरोबर येईल!

यादी वर्णानुक्रमाने पाठ करणे हाच मुळात घोळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अलंकार हे एकमेकांचे नातेवाईक असतात. त्यांना घराघराप्रमाणे बसवले तर ओळखू येतात, हजेरीपटाप्रमाणे बसवले तर नाही. आपल्याकडे ही घरे फार पूर्वीच बांधून ठेवलेली आहेत. शब्दाच्या नादावर उभे ते शब्दालंकार, अर्थावर उभे ते अर्थालंकार. पहिला प्रश्न मुलाला एवढाच विचारायचा : "ही गंमत कानाला कळली की मनाला?" निम्मी यादी तिथल्या तिथे गळून पडते. ॲलिटरेशन, ॲसोनन्स, ऱ्हाइम, ऑनोमॅटोपिया ही कानाची मंडळी. सिमिली, मेटाफर, पर्सनिफिकेशन, हायपरबोली, ऑक्सिमोरॉन ही मनाची.

मग मी मुलांना एक खेळ देते. वाक्य एकच, मस्कतच्या जुलै महिन्याचे. "मस्कतचा जुलै भट्टीसारखा असतो" ही उपमा. "मस्कतचा जुलै म्हणजे भट्टीच" हे रूपक. "मस्कतचा जुलै जणू भट्टीच पेटली आहे" ही उत्प्रेक्षा. "हा जुलै नव्हे, ही भट्टी आहे" ही अपन्हुती, म्हणजे खरे आहे ते नाकारून दुसरेच ठोकून देणे. "भट्टी परवडली, पण मस्कतचा जुलै नको" हा व्यतिरेक. उपमेय उपमानाच्याही वर गेले. "जुलै आहे की भट्टी, काही कळेना" हा ससंदेह. "काल गच्चीवर ठेवलेला कुकर गॅसशिवाय शिट्ट्या देऊ लागला" ही अतिशयोक्ती. आणि सगळ्यांत मजेचा अनन्वय : "मस्कतचा जुलै म्हणजे मस्कतचा जुलैच", कारण त्याला तुलना द्यायला दुसरे काही उरलेच नाही. हे खेळताना मुले हसतात, आणि हसताहसता त्यांना तुलनेच्या शिडीच्या पायऱ्या दिसतात. सारखे आहे, तेच आहे, तेच जणू आहे, हे नाहीच ते आहे. इंग्रजी परीक्षेत या पायऱ्यांपैकी बहुतेकींना स्वतंत्र नाव नाही. 'लाइक', 'ॲज' किंवा 'ॲज इफ' असेल तर सिमिली, नुसते 'इज' असेल तर मेटाफर, प्रमाणाबाहेर असेल तर हायपरबोली. आठ पायऱ्या चढलेल्या मुलाला तीन पायऱ्या म्हणजे अंगणातला ओटा.

उपमेची चार अंगे आपण शाळेत शिकलो : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. जुलै, भट्टी, उष्णता आणि 'सारखा'. हे मी एकदा माझ्या यजमानांच्या ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्यांना, त्यांच्या निझव्याच्या घरी कहवा आणि खजूर पुढे असताना, मोडक्यातोडक्या इंग्रजी-अरबीत सांगत होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि बोटे मोडीत म्हणाले : मुशब्बह, मुशब्बह बिही, वज्ह अश्-शबह, अदात अत्-तश्बीह. ज्याची तुलना करायची ते, ज्याच्याशी करायची ते, साम्याचा मुद्दा आणि तुलनेचे साधन. चारच्या चार तीच! त्यांच्या मुलीला शाळेत अरबीच्या तासाला हे पाठ करावे लागते, म्हणजे तिचेही आपल्या मुलांसारखेच हाल.

अरबीत या शास्त्राला 'बलागा' म्हणतात, आणि अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर अल्-जुर्जानीसारख्या पंडितांनी त्याचा केवढा तरी विचार करून ठेवला आहे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार होते. पुढे दंडी, मम्मट यांच्यापर्यंत येता येता ते वाढत गेले. इंग्रजीत मात्र उपमेय आणि उपमान यांना सर्वमान्य अशी जोडी मिळायला १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आय. ए. रिचर्ड्‌स यांनी मेटाफरच्या या दोन बाजूंना 'टेनर' आणि 'व्हेइकल' अशी नावे दिली. व्हेइकल म्हणजे वाहन. मेटाफर या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'पलीकडे वाहून नेणे' असाच. आजच्या ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या ट्रकांवर हाच शब्द लिहिलेला असतो म्हणे. दर दोनचार वर्षांनी कार्गोच्या पेट्या भरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांना हे सांगितले की मेटाफर जन्मात विसरत नाहीत.

मात्र सीमारेषा सगळीकडे एकाच ठिकाणी आखलेल्या नाहीत, हेही मुलांना सांगावे लागते. "तो सिंह आहे" हे आपले रूपक आणि इंग्रजीचा मेटाफर. अरबीत मात्र ती अजून तश्बीहच, फक्त साधन आणि साम्याचा मुद्दा गाळलेली. तिला 'तश्बीह बलीग' म्हणतात. शूर माणूस दिसल्यावर "मी आज सिंह पाहिला" असे म्हटले, म्हणजे उपमेय पुरते गिळून टाकले, तर ती 'इस्तिआरा'. शब्दाचा अर्थ उसनवारी. आपले जुने आलंकारिक त्या गिळण्याला अतिशयोक्तीचा प्रकार म्हणत. इंग्रजी दोन्हींना मेटाफरच म्हणते. हे ऐकल्यावर एका मुलीने विचारले, "मग काकू, बरोबर कोण?" मी म्हटले, पेपर ज्याचा, तो.

आता पाठ्यपुस्तकातल्या कवितांकडे येऊ. दहावीच्या पुस्तकात कार्ल सँडबर्ग यांची 'फॉग' आहे, अवघ्या सहा ओळींची. १९१६ सालच्या 'शिकागो पोएम्स' या संग्रहातली. धुके मांजरासारखे दबक्या पावलांनी येते, बसते, बघते आणि पुढे निघून जाते, एवढाच विषय. मुले इथे हटकून अडतात, कारण धुके मांजर झाले तर त्याला पर्सनिफिकेशन म्हणायचे का? शब्दात तर 'पर्सन' म्हणजे माणूस आहे, आणि मांजर काही माणूस नव्हे. इथे आपला शब्द पाहा : चेतनगुणोक्ती. निर्जीवावर चेतनाचे गुण लादणे. माणूसच हवा अशी अट नाही. मांजर चालेल, मुंगी चालेल. इंग्रजीत लिहिताना मी मुलांना सांगते की मुख्य उत्तर 'मेटाफर' लिहा आणि पुढे एक वाक्य जोडा, की धुक्याला मांजराच्या रूपात सजीव केले आहे. तुलना दाखवणारा 'लाइक' किंवा 'ॲज' सहा ओळींत कुठेच नाही, म्हणून सिमिली नाही. असे कारणासह लिहिणारे मूल फसत नाही.

मस्कतच्या मुलांना धुके ठाऊक नाही, अशी एक तक्रार मी ऐकते. ती खरी नाही. सलालाहला खरीफमध्ये कोण गेलेले नाही? जून अखेर ते सप्टेंबर या काळात धोफारच्या डोंगरावर ढग उतरतात, पाच फुटांपुढची गाडी दिसत नाही आणि रस्त्यावर उंट येऊन उभा राहतो तो अचानकच. मी मुलांना विचारते, ते धुके मांजरासारखे येते का? एक मुलगा म्हणाला, "नाही, ते उंटासारखं येतं आणि उंटासारखंच बसतं, उठायचं नावच घेत नाही." त्याला उपमा शिकवायची गरज उरली नव्हती.

रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या दोन कविता त्याच पुस्तकात आहेत. 'डस्ट ऑफ स्नो' ही आठ ओळींची, आणि त्या आठही ओळी मिळून वाक्य एकच. वाक्य ओळीच्या टोकाला न थांबता पुढच्या ओळीत वाहत जाते, त्याला एन्जॅम्बमेंट म्हणतात. आपल्याकडे त्याला परीक्षेपुरते सुटसुटीत नाव नाही. मी 'ओळ ओलांडणे' म्हणते. जुन्या मराठी श्लोकांत अर्थ बहुधा चरणाबरोबर विसावतो. केशवसुतांनी सुनीत आणल्यापासून ओळ ओलांडण्याची चाल मराठीतही चांगली रुळली.

याच कवितेत कावळा आणि हेमलॉक नावाचे झाड येते. बाजारातल्या गाइडांतून हेमलॉक म्हणजे विषारी झाड असे सर्रास लिहिलेले आढळते आणि त्यावरून प्रतीकाचा डोलारा रचलेला असतो. हेमलॉक नावाच्या वनस्पती दोन. सॉक्रेटिसाला दिले ते विष एका छोट्या, पांढऱ्या फुलांच्या झुडपाचे. अमेरिकेच्या ईशान्येकडे, जिथे फ्रॉस्ट राहत होते तिथे, हेमलॉक हा सूचिपर्णी वृक्ष आहे आणि तो विषारी नाही. बर्फ झटकून खाली पडावे एवढ्या उंचीवर कावळा बसायचा, तर झाड दुसरेच असणार. अर्थात नावाचा काळवंडलेला ध्वनी कवितेत ऐकू येतो असे म्हणता येईल; पण 'विषारी झाडावर बसलेला कावळा' असे ठोकून देऊ नये. आणि कावळ्याचे म्हणाल तर तो सर्वत्र अशुभ असतो असेही नाही. आपल्याकडे तो ओरडला की पाहुणे येतात, पिंडाला शिवला की पितर तृप्त होतात. इथे मस्कतमध्ये जो कावळा कचरापेटीवर बसतो तो आपल्याकडचाच, बहुधा जहाजांबरोबर आलेला, आणि ओमानचे पर्यावरण खाते त्याची संख्या कमी करण्याच्या मोहिमा काढते. एकच पक्षी, तीन प्रतीके. सिम्बॉल म्हणजे काय हे समजावायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

आता कानाच्या मंडळींकडे वळू. ॲलिटरेशनमध्ये शेजारच्या शब्दांच्या आरंभी तोच ध्वनी येतो. आपला अनुप्रास त्याहून ऐसपैस. वर्ण शब्दात कुठेही पुन्हा आला तरी चालतो. तेवढा फरक सांभाळला की झाले. पण मुले चुकतात ती दुसरीकडेच, स्पेलिंगमध्ये. 'सी' या अक्षराने सुरू होणारे म्हणून 'सिटी' आणि 'कॅट' यांना ती ॲलिटरेशन म्हणतात, आणि 'नाइफ' नि 'नेस्ट' यांना म्हणत नाहीत, कारण पहिल्यात न उच्चारलेला 'के' दडलेला आहे. मी सांगते, ओळ देवनागरीत लिहून पाहा. सिटी, कॅट, नाइफ, नेस्ट. उत्तर डोळ्यांसमोर! देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून ती इथे कामाला येते. माझ्याकडची मुले उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने ओळ देवनागरीत लिहून बघतात आणि मग खोडतात. ज्या पालकांनी "त्याला मराठी वाचता आलं नाही तरी चालेल" म्हणून सोडून दिले, त्यांच्या मुलांना ही युक्ती वापरता येत नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

ऱ्हाइम म्हणजे यमक, हे मराठीपुरते ठीक. संस्कृतात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. मराठीने तो शब्द घेऊन ओळीच्या टोकाला बांधला. यमकांची रचना लिहिताना शेवटच्या ध्वनीला ए, बी, सी अशी नावे द्यायची. फ्रॉस्ट यांच्या 'फायर अँड आइस'ची रचना ए-बी-ए, ए-बी-सी, बी-सी-बी अशी गुंतलेली आहे. आग आणि बर्फ एकमेकांच्या घरात शिरावेत तशी यमके एकमेकांत शिरली आहेत, असे एका मुलीने लिहिले होते. तिला कुणी शिकवले नव्हते.

वृत्ताविषयी दहावीला फारसे विचारत नाहीत. तरी ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण इथे ओमानचा स्वतःचा वाटा आहे. अरबी छंदशास्त्राचा पाया घालणारा अल्-खलील बिन अहमद अल्-फराहीदी हा आठव्या शतकातला विद्वान अझ्द टोळीतला, मूळचा ओमानचा मानला जातो. आयुष्य त्याने बसऱ्यात काढले. तांबटांच्या हातोड्यांचा ठेका ऐकून त्याला वृत्तांची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. त्याने पंधरा वृत्ते बांधली, सोळावे नंतर जोडले गेले. त्याची परिभाषा तंबूवरून घेतलेली : कवितेची ओळ म्हणजे 'बैत', घर, तिचे घटक 'सबब' म्हणजे दोर आणि 'वतद' म्हणजे खुंटी. त्यानेच अरबीचा पहिला शब्दकोश रचायला घेतला, तोही वर्णानुक्रमाने नव्हे तर घशातून ओठांकडे येणाऱ्या ध्वनींच्या क्रमाने. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य म्हणत वाढलेल्या आपल्याला तो क्रम ओळखीचा वाटतो. हा योगायोग की संपर्क, यावर पंडितांत वाद आहे.

अल्-खलीलच्या वृत्तांत 'मुतकारिब' नावाचे एक आहे. त्याचा गण 'फऊलुन्' : लघु, गुरू, गुरू. असे चार. आता आपले 'यमाताराजभानसलगा' आठवा. 'यमाता', म्हणजे य गण : लघु, गुरू, गुरू. असे चार झाले की भुजंगप्रयात, ज्यात समर्थांनी मनाचे श्लोक लिहिले. निझव्याच्या त्या घरात मी टेबलावर बोटांनी हा ठेका धरला आणि समोरच्या गृहस्थांनी त्यावर अरबी शब्द बसवले, तेव्हा दोघांनाही दुसऱ्याची भाषा नीट येत नव्हती याचा विसर पडला होता. फिरदौसीचे शाहनामाही याच मुतकारिबात आहे, फक्त शेवटचा गण थोडा तोडलेला. आपल्याकडे माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते आणि 'छन्दोरचना' त्यांनीच लिहिली, यात आश्चर्य कसले! इंग्रजीचे वृत्त मात्र निराळ्या पायावर उभे आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाहीत, आघात मोजतात. म्हणून आपली मुले इंग्रजी कविता म्हणताना प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने उच्चारतात आणि ठेका हरवतो. टेबलावर हाताने आघात द्यायला लावला की दहा मिनिटांत फरक पडतो.

आयरनी हा शब्द मुलांना सर्वांत अवघड जातो. बोलण्यातला उपरोध कळतो, कारण घरी आई "वा, फारच अभ्यास चाललाय!" म्हणते तो तोच. नाट्यातली आयरनी कळत नाही, म्हणजे जे प्रेक्षकाला ठाऊक असते ते पात्राला ठाऊक नसते. मी 'एकच प्याला' सांगते. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. शीर्षकातला 'एकच' हा शब्द ऐकतानाच प्रेक्षकाला कळलेले असते की तो एकच राहणार नाही. कळत नाही ते फक्त सुधाकराला. तेवढे पुरते.

ऑक्सिमोरॉनला आपला विरोधाभास. ग्रीकमध्ये त्या शब्दाचे दोन तुकडे 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' असे आहेत, म्हणजे शब्द स्वतःच स्वतःचे उदाहरण. ट्रान्स्फर्ड एपिथेटला विशेषणविपर्यय हे जड नाव आहे, पण उदाहरण हलके : बेचैन रात्र. रात्र बिचारी बेचैन नसते, जागणारा असतो.

आता व्याकरण. इंग्रजीचे आठ 'पार्ट्‌स ऑफ स्पीच' आणि आपल्या शाळेतल्या शब्दांच्या आठ जाती एकास एक जुळतात, हे काही दैवी साम्य नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापून निघाले, तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीत संस्कृत नावे बसवण्याचे काम आपल्या लोकांनी केले. यास्काने चारच जाती सांगितल्या होत्या : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. अरबी व्याकरण तीनच मानते : इस्म, फेअल, हर्फ. म्हणजे नाम, सर्वनाम, विशेषण अशी आठांची यादी ज्या मुलाला मराठीत येते, त्याला इंग्रजी यादी आधीच येत असते. फक्त 'प्रिपोझिशन' नामाच्या आधी बसते आणि आपले शब्दयोगी अव्यय मागे. 'टेबलावर' आणि 'ऑन द टेबल'.

पण सगळीकडे एकास एक जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथे मराठीचे अर्धवट ज्ञान घात करते. 'व्हॉइस' घ्या. ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, असे पुष्कळ घरांतून शिकवले जाते. मग मूल "मुलीने चिठ्ठी लिहिली" हे वाक्य घेते. मराठीत हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद 'चिठ्ठी'प्रमाणे बदलते. पत्र असते तर 'लिहिले', निबंध असता तर 'लिहिला'. म्हणून ते इंग्रजीत पॅसिव्ह करायला जाते आणि फसते, कारण इंग्रजीत "द गर्ल रोट अ नोट" हे चक्क ॲक्टिव्ह. प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाच्या हुकमात आहे हा प्रश्न. व्हॉइस म्हणजे वाक्याच्या गादीवर कर्त्याला बसवले की कर्माला हा प्रश्न. "मुलीकडून चिठ्ठी लिहिली गेली" असे म्हटले तरच तो पॅसिव्हचा भाऊ. माझ्या नाशिकच्या त्या मुलाची ही गाठ सुटायला तीन शुक्रवार लागले. सुटल्यावर त्याने वहीत लिहून ठेवले : 'ने' म्हणजे पॅसिव्ह नव्हे. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याने ती बावीस संज्ञांची यादी नेली नाही, ही वही नेली, असे त्याच्या आईने मला फोनवर सांगितले. एप्रिलमध्ये ते सगळे गेले.

रिपोर्टेड स्पीचचेही तसेच. आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी दमलोय." मराठीतले 'की' हे उघडे दार आहे, त्यातून बोलणारा स्वतः त्याच्या 'मी'सकट आत येतो. इंग्रजीत हे दार बंद. सांगणारा बाहेर उभा राहून, स्वतःच्या जागेवरून आणि स्वतःच्या वेळेवरून सांगतो : "ही सेड दॅट ही वॉज टायर्ड." म्हणून 'मी'चा 'तो' होतो, वर्तमानाचा भूत होतो, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो. तीन नियम पाठ करण्यापेक्षा हे एक दार लक्षात ठेवलेले बरे.

राहता राहिली 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स, ज्यांना नव्या पुस्तकांतून 'डिटर्मिनर्स'च्या मोठ्या कुटुंबात घातले आहे. मराठीत ती नाहीत, असे आपण म्हणतो. पण आजीची कोणतीही गोष्ट आठवून पाहा. "एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या." पहिल्या वाक्यात 'एक' लागतो, कारण राजा आपल्याला अजून अनोळखी आहे. दुसऱ्या वाक्यात तो गळतो, कारण राजा आता आपला झाला. "एक राजाला दोन राण्या होत्या" असे कोणतीही आजी म्हणणार नाही. तो 'एक' म्हणजे 'अ', आणि तो गळतो तिथे 'द'. अरबीत 'अल्' आहे, पण त्याला 'अ'सारखी जोडीदारीण नाही. ओळखीच्याला 'अल्', अनोळखी तसाच मोकळा, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. हे मी सांगत होते तेव्हा सातवीतली एक चिमुरडी, जी फक्त भावाबरोबर येऊन चित्रे काढीत बसते, वर बघून म्हणाली, "म्हणजे काकू, अनोळखी माणसाला कोण आधी नाव विचारतं, एवढाच फरक ना?"

मोडल्स आणि काळ यांना या अंकात जागा उरली नाही. शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही बसतो. वही, पेन्सिल आणि खोडरबर आणावा.